चोवीस झाडांची साक्ष

कोसमटोल्याच्या जंगलाला तहान लागलेली नाही, हे उपग्रहाने सांगितलेलं नव्हतं. ते कुंती हलामीने सांगितलं होतं. आणि कुंती त्याच गावची, त्याच जंगलातली टेंभरं खाऊन वाढलेली पोरगी. तिचं म्हणणं खोडून काढायची कोणाची छाती झाली नाही.

उपग्रह बिचारा पहिल्यापासून वेगळंच सांगत होता. पान ऊन खातं, पण खाल्लेलं सगळंच त्याला पचत नाही. उरलंसुरलं ते तांबूस उजेडाच्या रूपाने बाहेर टाकतं. हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, उपग्रहाला मात्र सातशे किलोमीटर वरून दिसतो. उजेड चांगला, म्हणजे जंगलाचा स्वयंपाक जोरात चाललाय. मंद, म्हणजे चूल विझत आलीय. दुसरी खूण पानाच्या तापमानाची. पान आपल्यासारखाच घाम गाळतं आणि गार राहतं. मुळांना पाणी मिळेनासं झालं की ते आपली बारीक रंध्रं मिटून घेतं आणि तापू लागतं. या दोन खुणांवरून संगणकातलं प्रतिमान एक आकडा काढायचं. त्याला म्हणायचे तहानांक. शून्य म्हणजे झाड तृप्त, शंभर म्हणजे मरणाच्या दारात.

पण इतक्या उंचीवरून तहान ओळखायची, म्हणजे गच्चीवरून खाली झोपलेल्या माणसाची नाडी बघण्यातला प्रकार. म्हणून जमिनीवरची साक्ष लागायची. नागपूरच्या वनमापन केंद्राने २०४० साली कोसमटोल्याच्या जंगलात मोहाची चोवीस झाडं निवडली. प्रत्येकाच्या खोडात दोन सुया ठोकल्या. एक सुई किंचित तापायची, आणि खोडातून वर चढणारा रस ती ऊब दुसरीपर्यंत किती वेगाने नेतो हे मोजलं जायचं. रस जोरात, म्हणजे झाडाला पाणी आहे. उपग्रह आणि झाड यांच्यात मतभेद झाला तर झाडाचं खरं मानायचं, असा नियम प्रतिमानात घातला होता. तो नियम कुंतीचाच.

मतभेद झालाही. आजूबाजूच्या शंभर कोसांत तहानांक सत्तरीच्या वर, आणि कोसमटोल्याची झाडं म्हणत होती वीस. शिवाय रोज सकाळी आठच्या सुमारास त्यांचा रस एकाएकी उसळी घ्यायचा. कुंतीने वर्षभर डोकं खपवून त्याचा अर्थ लावला: या मोहांची मुळं खोल खडकातल्या पाण्यापर्यंत पोचली आहेत आणि ते पाणी वर खेचून घेतात. तिच्या निबंधाला पारितोषिक मिळालं. 'कोसमटोला अपवाद' हे नावच पडलं. पारितोषिक घ्यायला ती पुण्याला गेली त्याच दिवशी आई गेली. आईच्या तोंडात पाणी घालायला कुंती पोचली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पाच दिवस राहिली, परत गेली. ते दिवस पावसाळ्याचे होते. झाडांकडे बघायची गरज वाटली नाही, कारण ती रोज पडद्यावर दिसतच होती.

अपवादाची बातमी खोलजल प्राधिकरणापर्यंत गेली. ज्या जंगलाखाली एवढं पाणी आहे की भर उन्हाळ्यात झाडांचा तहानांक वीस, तिथलं थोडं पाणी उपसायला काय हरकत आहे? औद्योगिक पट्ट्यासाठी जंगलाच्या कडेला अडतीस खोल बोअर घ्यायला परवानगी मिळाली. परवानगीच्या कागदाला कुंतीचा निबंध जोडला होता.

*

२०४३ सालच्या एप्रिलअखेरीस मोहाला तांबूस पालवी फुटायला हवी होती आणि उपग्रहाला जंगलाचा उजेड वाढताना दिसायला हवा होता. दिसला नाही. उलट अकरा दिवसांत तो निम्म्यावर आला.

"जंगल मरतंय, सर," कुंती म्हणाली.

गायधनी सर केंद्राचे प्रमुख. माणूस सज्जन, पण कागदाबाहेर पाऊल टाकायचा नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझी झाडं काय म्हणतात?"

"तहानांक बावीस."

"मग तुझ्याच नियमाने झाडांचं खरं."

ती आपल्या टेबलाशी येऊन तीन वर्षांच्या नोंदी उलगडून बसली. तीच सकाळची उसळी, हजार दिवस. फक्त अधूनमधून एखादा दिवस कोरा. हे कोरे दिवस तिने निबंधात 'यंत्रातला गोंधळ' म्हणून सोडून दिले होते. आता तिने ते मोजले. एक कोरा दिवस, सहा भरलेले. पुन्हा एक कोरा, सहा भरलेले. ऊन सात दिवसांनी फिरत नाही, चंद्र फिरत नाही, मुळंही फिरत नाहीत. सात दिवसांचा हिशेब फक्त माणसाचा. तिने कोऱ्या दिवसांपुढे वार लिहिले. गुरुवार. गुरुवार. गुरुवार.

गुरुवारी तालुक्याला बाजार असतो. कोसमटोल्यातलं झाडून सगळं गाव पहाटेच बाजाराला निघतं. झाडाला गुरुवार कळत नाही, गावाला कळतो.

*

बस फाट्यावर उतरवून गेली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. कुंती पायवाटेने जंगलात शिरली आणि थोड्याच वेळात थांबली. ऐन, धावडा, तेंदू, सगळे उभ्या उभ्या वाळले होते. तेंदूला पान नाही, म्हणजे यंदा पानफळीचा, बिडीची पानं तोडून विकायचा, हंगामही नाही. पाखरांचा आवाज नव्हता. आणि त्या राखाडी जंगलात दूर दूर एकेक हिरवं झाड उभं होतं. तिला मोजायची गरज नव्हती. ती चोवीस होती.

सतरा नंबरच्या मोहापाशी तिचा बाप देवसाय कावड खाली ठेवत होता. हा मोह हलाम्यांच्या वाट्याचा. आई याच्याखालची फुलं वेचायची. झाडाभोवती सुबक आळं केलेलं, माती ओली, आणि सुया ठोकल्या होत्या त्या जागेवर पांढरं फडकं सैलसर गुंडाळलेलं. देवसाय केंद्राचा यंत्ररक्षक होता. सौरपट्टीवरची धूळ पुसायची, गुरं येऊ द्यायची नाहीत, एवढंच त्याचं काम.

लेकीला पाहून म्हातारा उजळला. "पाह्य, एक बी मरू देल्लं नाई. चोवीसच्या चोवीस."

"कवापासून पानी घालतेस बाबा?"

"तू सुया टोचून गेली तवापासून. चोवीस झाडं, चोवीस घरं वाटून घेतलो. ज्याचं झाड, त्याच्या दोन घागरी, रोजच्या. गुरुवारी बाजार रायते म्हनून तेवढा खाडा. औंदा तं नाला आटला, दीड कोसावरून आनतो. ते फगनी, तुझी काकी, आंघोळ सोडून झाडाले घालते."

"पन कायले बाबा?"

देवसायला प्रश्नच कळला नाही. "कायले म्हंजे? दवाखान्यात मानसाले सुया टोचते, नळी लावते, तवा तो बिमारच असते ना? तू गावची शिकली पोर. उगाच कोनाले सुया टोचशील का? आमी समजलो, एवढ्या जंगलात हे चोवीस बिमार हायेत. बिमाराले पानी बी नाई पाजावं का?"

"मी हात लावू नोको म्हनलं होतं."

"नाईच लावला! दोन हात दुरून घालतो." आणि त्याने आळ्याची कड दाखवली. खरंच, बरोबर दोन हात होती.

कुंतीने त्या कडेकडे पाहिलं. सूचनांची पुस्तिका तिनेच लिहिली होती, छत्तीस पानांची, इंग्रजीत. अठ्ठाविसाव्या पानावर पाणी न घालण्याबद्दल एक ओळ होती. गावाला तिने तोंडी एवढंच सांगितलं होतं की हात लावू नका. जंगलातल्या झाडाला कोणी पाणी घालेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आपल्याच माणसांना ती ओळखत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग तिने बापाला सगळं सांगितलं. आकडा, निबंध, अडतीस बोअर. लपवून काय होणार होतं? देवसाय कावडीच्या काठीला टेकून ऐकत राहिला. तो शाळेत गेला नव्हता, पण ग्रामसभेत बसून सरकारी कागद समजून घेण्यात त्याची हयात गेली होती. तो लेकीच्याही आधी शेवटाला पोचला.

"म्हंजे आमी पानी देल्लं, म्हनून त्यायनं पानी नेलं."



*

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा बसली. गायधनी सरांशी तिचं फोनवर बोलणं झालं होतं. प्राधिकरण बोअर थांबवायचा विचार करेल, पण निव्वळ उपग्रहाच्या भरवशावर नाही. ज्या झाडांच्या साक्षीने परवानगी मिळाली, त्यांनीच साक्ष फिरवायला हवी. एकवीस दिवस, थेंबभर पाणी न घालता.

"दुसऱ्या झाडाले लाव ना तुझ्या सुया," फगनीकाकी म्हणाली. काकीच्या कातड्यावर आंघोळीविना खरंच पांढरे ओरखडे उठले होते.

"बाकीचे मेले, काकी. मेलेलं झाड तहान सांगत नाई."

"आन एकवीस दिवसानं हे बी मरतीन."

कुंतीने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. झाडाच्या खोडात केसासारख्या बारीक नळ्या असतात, तिने सांगितलं. पाण्याची ओढ फार वाढली की त्या नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरतो. एकदा बुडबुडा अडकला की ती नळी कायमची बंद, मग वरून समुद्र ओता. जंगलाखालचं पाणी आता मुळांच्या हाताबाहेर गेलं होतं. ही चोवीस झाडं केवळ घागरीवर जगत होती.

"म्हंजे हे मरतीन तवाच तुझ्या मशीनले पटंल?"

"हो काकी. पन बोअर थांबले तं आजूबाजूच्या बारा गावांची जंगलं अजून वाचू शकतात. आपलं नाई."

तीन वर्षं ज्यांनी पोरांच्या तोंडचं पाणी झाडांना घातलं, त्यांना आता हात बांधून बसायला सांगायचं, तेही ज्या पोरीने सुया ठोकल्या तिनेच. कुंतीला वाटलं, कोणीतरी दोन शिव्या हासडाव्यात म्हणजे बरं होईल. शिव्याही आल्या नाहीत. शेवटी देवसाय उठला, घरात गेला, कावड आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. मग एकेका घरातून घागरी आल्या. रविवारपासून मोजायचं ठरलं.

निघताना तिने बापाला बजावलं, "एका बी झाडाले पानी भेटलं तं सगळं रद्द होते. पुन्हा एकवीस दिवस. तवर काईच रायनार नाई."

"समजते मले," देवसाय म्हणाला. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

*

नागपूरच्या पडद्यावर चोवीस झाडांच्या रसाच्या चोवीस रेघा होत्या. पहिल्या चार दिवसांत सकाळची उसळी पुसली गेली. आठव्या दिवशी तहानांक साठीच्या पुढे गेला, दहाव्या दिवशी एकाहत्तरच्या. इतकी स्वच्छ नोंद तिने कधी पाहिली नव्हती.

बाराव्या दिवशी एक रेघ वर गेली. सतरा नंबर. सकाळी नऊ वाजता रस हलला, अकरापर्यंत वेग दुप्पट झाला. कुंतीने वार पाहिला. गुरुवार होता. गाव बाजाराला गेलं होतं, पाहायला कोणी नव्हतं. तीन वर्षं जो एकच दिवस कोरा असायचा, तोच आता भरला होता.

तिने फोन लावला. "बाबा, सतराले पानी घातलास?"

"तुझ्या मायचं झाड हाये ते," देवसाय म्हणाला. "पानं लोंबली होती. दोन घागरी घातलो. तुले तेथून दिसलं?"

"दिसते बाबा."

"मंग आता?"

कुंतीने फोन ठेवला आणि नोंदी उघडल्या. ती नोंद पुसायला तिला अर्धं मिनिटही लागलं नसतं. सतरा नंबरची सुई बिघडली असं लिहिलं की संपलं. गायधनी सर कागद पाहणारे, कागद नीट असला की ते विचारणार नव्हते. 'यंत्रातला गोंधळ' हे शब्द तिने पूर्वीही वापरले होते. आणि नोंद ठेवली तर बाप सरकारी मोजणीत ढवळाढवळ करणारा ठरणार, आणि कदाचित एकवीस दिवस फुकट जाणार. तिने दोन दिवस त्या रेघेकडे पाहण्यात घालवले. हे सगळं ज्या चुकीतून झालं होतं ती चूक हीच होती: न पटणारे दिवस तिने सोडून दिले होते. तिने नोंद ठेवली.

*

एकवीस दिवसांनंतर प्राधिकरणापुढच्या सुनावणीत औद्योगिक पट्ट्याच्या वकिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "यंत्ररक्षक कोण? मॅडमचे वडील. पाणी कोणी घातलं? मॅडमच्या वडिलांनी. अशी मोजणी कशी मानायची?"

"मानू नका," कुंती म्हणाली. "नुसतं पाहा." तिने चोवीस रेघा भिंतीवर दाखवल्या. तेवीस उतरत होत्या. एक गुरुवारी चढली, सोमवारी पुन्हा कोसळली. "माझा निबंध म्हणत होता की ही झाडं खोल खडकातलं पाणी पितात. खडकात पाणी असतं तर दोन घागरींनी झाडात एवढा फरक पडला नसता. पोट भरलेला माणूस घोटभर पाण्यासाठी उठून बसत नाही. हे झाड उठून बसलं. माझ्या वडिलांनी नियम मोडला, ही गोष्ट खरी आहे. आणि माझा निबंध चुकला, हीसुद्धा. गावाने तीन वर्षं पाणी घातलं, हे मी विचारलं नाही म्हणून मला कळलं नाही."

प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी ती एकटी रेघ पुन्हा एकदा पाहायला मागितली. चार दिवसांनी आदेश निघाला. अडतीसही बोअर बंद. देवसाय हलामी यांना यंत्ररक्षक पदावरून कमी करण्यात यावं. कुंती हलामी यांनी निबंध मागे घ्यावा आणि पुढील आदेशापर्यंत कोणतंही प्रतिमान हाताळू नये. खडकातलं पाणी पूर्वीच्या पातळीला यायला चाळीस वर्षं लागतील, असं आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. बैल गेला नि झोपा केला, पण निदान शेजारच्या बारा गोठ्यांतले बैल तरी राहिले, असं कुंतीने स्वतःला सांगून पाहिलं. फारसं पटलं नाही.

*

सुया काढून आणायचं काम तिने मागून घेतलं. जूनचा पहिला आठवडा होता, आभाळ कोरडंठाक. एक ते सोळा नंबरपर्यंत ती एकटीच फिरली. सुई ओढली की खोडातून ओल यायला हवी, भुसा आला. फगनीकाकीच्या अकरा नंबरखाली रिकामी घागर पालथी घातलेली होती.

सतरा नंबरशी देवसाय बसला होता. शेजारी पाण्याने भरलेली कावड. आता तो यंत्ररक्षक नव्हता, त्याला कोणी अडवणार नव्हतं. मोहाच्या एका फांदीवर पाचसात पानं शिल्लक होती. कुंतीने फडकं सोडलं आणि सुया हलकेच काढल्या. बारीक ओल आली. देवसायने ती बोटाने टिपली.

"सुया काढली," तो म्हणाला. "दवाखान्यात सुया काढते तवा मानूस घरी जाते. हे बरं झालं का?"

त्याच्या आवाजात आशा होती की नव्हती, हे तिला कळेना. शेवटची नोंद तिच्या खिशात होती. दहातल्या नऊ नळ्या बंद पडल्या होत्या. 'हो बाबा' म्हणणं फार सोपं होतं, आणि तिला ते म्हणावंसं फार वाटलं.

"नाई बाबा," ती म्हणाली. "हे बी जाते. आठ दिवस, लई तं दहा."

देवसायने मान हलवली. "ठाऊक हाये मले. जंगलात जन्म गेला, मरतं झाड वळखू येत नाई का?" त्याने घागरीतून तांब्या भरून घेतला आणि तिच्यापुढे धरला. "मानूस जाते तवा तोंडात पानी घालते का नाई? तुझ्या मायच्या वक्ताले तू नव्हती. घे. तू घाल."

कुंतीने तांब्या घेतला. दोन हात दूर उभं राहायची आता काही गरज नव्हती. ती खोडाला अगदी टेकून बसली, सुयांच्या भोकांवरून हात फिरवला आणि मुळाशी पाणी ओतलं. कोरड्या मातीने ते लगेच पिऊन टाकलं. तिला रडू आवरेना. बापाने तिला थांबवलं नाही. जरा वेळाने त्याने दुसरा तांब्या भरला आणि दोघं अठरा नंबरकडे निघाले.